शास्त्रेतिहासाची अमेरिकन सोसायटी व संस्कृत शास्त्रग्रंथ

अमेरिकेतील 'हिस्टरी ऑफ सायन्स सोसायटी' ह्या विद्वत्संस्थेस इ. स. २०२४ मध्यें शंभर वर्षें पुरीं झालीं. शास्त्रांच्या इतिहासाचा व्यासंग करणाऱ्या पंडितांच्या ज्या संस्था जगांत आहेत त्यांत हिची गणना अग्रभागीं होते, आणि 'आयसिस' ह्या तिच्या त्रैमासिकांत ज्या मतास जागा मिळते तें मत कालांतरानें पाठ्यपुस्तकांत व ज्ञानकोशांत उतरतें. अशा संस्थेनें संस्कृतांतील गणित-ज्योतिषादि शास्त्रग्रंथांचा न्याय कसा केला हें पाहणें आमच्या वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाहीं. शतसांवत्सरिक प्रसंगीं स्तुतिपर लेख पुष्कळ लिहिले जातात. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. ह्या संस्थेच्या पत्रांत चुकीचें मत छापलें गेलें, तसें त्याचें खंडनही छापलें गेलें, आणि हा गुण लहान नाहीं. परंतु संस्कृत न जाणतां संस्कृत ग्रंथांविषयीं निर्णय देण्याची जी रीति तिच्या संस्थापकाच्या ग्रंथांतच रूढ झाली, तिचे परिणाम अजून पुसले गेलेले नाहींत. आणि ते पुसण्याचें काम ज्यांचें, ते आम्ही भलत्याच उद्योगांत गुंतलों आहों.

संस्थेची उत्पत्ति जरा चमत्कारिक आहे. सामान्यतः आधीं मंडळ निघतें व मागाहून मंडळाचें नियतकालिक. येथें आधीं नियतकालिक निघालें, व तें बुडूं नये म्हणून मंडळ काढावें लागलें. जॉर्ज सार्टन हे बेल्जममधील गेंटचे. त्यांनीं इ. स. १९१३ मध्यें वोंडेलगेम येथील आपल्या राहत्या घरांतून 'आयसिस'चा पहिला अंक काढला. पुढच्याच वर्षीं जर्मन फौजा बेल्जममध्यें शिरल्या. पत्र बंद पडलें, आणि सार्टन ह्यांनीं आपलीं टिपणें घराच्या बागेंत पुरून देश सोडला. इ. स. १९१५ मध्यें ते अमेरिकेंत पोंचले. १९१८ पासून वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेनें त्यांच्या योगक्षेमाचा भार उचलला, आणि हार्वर्डच्या ग्रंथालयांत त्यांस बसावयास एक खोली मिळाली. पुढें जानेवारी १९२४ मध्यें बॉस्टन येथें जमलेल्या मंडळींनीं ही सोसायटी स्थापिली, ती मुख्यतः ह्या पत्रास स्थिर आधार मिळावा म्हणून. त्रैमासिकाची व पैशाच्या चणचणीची जोडी केवळ महाराष्ट्रांतच नांदते असें नाहीं, एवढें समाधान आमच्या संपादकांनीं ह्यावरून करून घेण्यास हरकत नाहीं.

स्थापनेच्या कामीं पुढाकार होता तो डेव्हिड यूजीन स्मिथ ह्या गणितेतिहासकाराचा. ह्यांनीं कार्पिन्स्की ह्यांच्या साहाय्यानें इ. स. १९११ मध्यें अंकांच्या उत्पत्तीविषयीं ग्रंथ लिहून त्यांचें मूळ हिंदुस्थानांत असल्याचें प्रतिपादन केलें होतें; रंगाचार्यांनीं १९१२ मध्यें मद्रासेंत प्रसिद्ध केलेल्या महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहास प्रस्तावनाही ह्यांचीच आहे. तेव्हां संस्थेच्या जन्मकाळीं भारतीय गणिताचा आदर करणारा मनुष्य घरांत नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. मग संस्कृताची जागा कोपऱ्यांत कां पडली? ह्याचें उत्तर आमच्या मतें सार्टन ह्यांच्या मुख्य ग्रंथाच्या रचनेंतच सांपडतें.

हा ग्रंथ म्हणजे शास्त्रेतिहासाची त्यांची प्रचंड प्रस्तावना. इ. स. १९२७ ते १९४८ ह्या काळांत तिचे तीन खंड पांच जाड पुस्तकांत निघाले, पृष्ठसंख्या चार हजारांवर गेली, आणि तरीही कथा चौदाव्या शतकापुढें सरकली नाहीं. एका मनुष्यानें एका खोलींत बसून एवढें कार्य केलें ह्याचें आश्चर्य वाटल्यावांचून राहत नाहीं. प्रत्येक अर्धशतकाचें एक प्रकरण, आणि प्रत्येक प्रकरणास त्या काळांतील प्रमुख पुरुषाचें नांव, अशी त्यांची योजना आहे. होमरपासून उमर खय्यामपर्यंतच्या पहिल्या खंडांत ग्रीक आहेत, अरब व इराणी आहेत, चिनी आहेत. भारतीय मात्र एकही नाहीं. सातव्या शतकाचा पूर्वार्ध ह्युएनत्संगाचा, उत्तरार्ध इत्सिंगाचा. हे दोघे कोण, तर हिंदुस्थानांत येऊन नालंदेस अध्ययन करून गेलेले चिनी भिक्षु! ज्या पाठशाळेंत शिकावयास आले तिच्या देशांतील एकाही पंडिताच्या नांवें काल नाहीं, आणि विद्यार्थ्यांच्या नांवें मात्र दोन अर्धशतकें आहेत. ब्रह्मगुप्तानें आपला ब्राह्मस्फुटसिद्धांत शके ५५० मध्यें, म्हणजे इ. स. ६२८ त रचला. ह्युएनत्संग प्रवासास निघाला तो त्याच सुमारास. गंमत अशी कीं ह्याच ग्रंथांत सार्टन ह्यांनीं ब्रह्मगुप्ताची योग्यता त्या काळांतील सर्व शास्त्रज्ञांच्या वर ठरविली आहे. जो सर्वांत मोठा तो आंत, आणि पाटीवर नांव प्रवाशाचें, ही संगति आम्हांस लागत नाहीं.

येथें पूर्वपक्ष असा येईल कीं प्रकरणांचीं नांवें ही केवळ सोय आहे, त्यावरून ग्रंथकाराच्या मनाची परीक्षा करूं नये. चाळीस वर्षें मुलांस शिकविलेला मनुष्य हें मान्य करणार नाहीं. विद्यार्थ्याच्या ध्यानांत मथळे राहतात. मथळ्याखालचा मजकूर परीक्षेबरोबर जातो. बाराव्या शतकाच्या प्रकरणांवर क्रेमोनाचा जेरार्ड, इब्न रश्द, मायमोनिडीज हीं नांवें आहेत, आणि त्याच शतकांत शके १०७२ मध्यें सिद्धांतशिरोमणि पुरा करणारे भास्कराचार्य आंतल्या नोंदींत आहेत. सार्टन द्वेषी होते असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. अरबी ग्रंथांचें महत्त्व लक्षांत येतांच वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं ते पश्चिम आशियांत गेले आणि ती भाषा शिकले. त्याचें फळ त्यांच्या पुढील खंडांत स्पष्ट दिसतें: अरब पंडितांच्या नोंदींस रंग, विस्तार व स्वतंत्र मत आहे. संस्कृताविषयीं मात्र त्यांस इतरांच्या भाषांतरांवर व अभिप्रायांवर विसंबून राहावें लागलें. भाषा येणें व न येणें ह्यांतील अंतर एकाच ग्रंथांत, एकाच लेखकाच्या हातून इतकें उघड झालेलें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

आणि विसंबण्यास त्या वेळीं कोण होते? जॉर्ज रस्बी के. हे हिंदुस्थान सरकारच्या शिक्षणखात्यांतले अधिकारी. 'आयसिस'च्या दुसऱ्या खंडांत, इ. स. १९१९ मध्यें, त्यांचा भारतीय गणितावरचा दीर्घ लेख आला. तेव्हां सोसायटी जन्मली नव्हती, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. के महाशयांचा एकंदर पक्ष असा कीं भारतीय गणितांत जें कांहीं उत्तम तें बाहेरून आलेलें, आणि स्थानमूल्याची दशांक-पद्धति नवव्या शतकापूर्वीं हिंदुस्थानांत होती ह्यास विश्वसनीय पुरावा नाहीं. ह्या शेवटल्या विधानाकडे आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण तें सर्वस्वीं ताम्रपटांच्या परीक्षेवर उभारलेलें आहे. जुन्या ताम्रपटांत स्थानमूल्याचे अंक आढळतात. के ह्यांनीं उत्तर दिलें कीं ते ताम्रपट बनावट.

आतां बनावट ताम्रपट असतात, हें आम्हां इतिहाससंशोधकांस कोणीं शिकवावयास नको. जमिनीच्या तंट्यांत पूर्वजांच्या नांवें पत्रा कोरून घेणारे सर्व काळीं होतेच. परंतु बनावटपणा सिद्ध करावयाचा तो त्या त्या पत्र्यापुरता: लिपीवरून, तिथिवारांच्या मेळावरून, वंशावळीवरून, धातूवरून. के ह्यांच्या युक्तिवादांत हेतु व साध्य एकमेकांच्या खांद्यावर बसलेले आहेत. अमुक पत्रा बनावट कां, तर त्यांत स्थानमूल्याचे अंक आहेत. आणि स्थानमूल्याचे अंक अर्वाचीन कां, तर ते असलेले जुने पत्रे बनावट आहेत! नैयायिक ह्यास अन्योन्याश्रय म्हणतात, आणि पहिल्या वर्षाच्या तर्कसंग्रहाच्या विद्यार्थ्यासही हा दोष ओळखतां येतो. शिवाय पुरावा केवळ पत्र्यांचा नव्हता. सीरियांतील सेव्हेरस सेबोख्त ह्या धर्मगुरूनें इ. स. ६६२ मध्यें हिंदूंच्या नऊ चिन्हांच्या गणनापद्धतीची प्रशंसा केली होती, आणि तो उतारा फ्रेंच पंडित नो ह्यांनीं १९१० मध्येंच प्रसिद्ध केला होता.

के ह्यांस उत्तरें अनेकांनीं दिलीं. बिभूतिभूषण दत्त ह्यांचे लेख प्रसिद्धच आहेत. परंतु सोसायटीच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं शारदाकांत गांगुली ह्यांनीं केलेली के ह्यांच्या अर्थनिर्णयाची कठोर परीक्षा 'आयसिस'नेंच इ. स. १९२९ मध्यें छापली. मूळ लेखानंतर दहा वर्षें लोटलीं होतीं हें खरें. तरी ज्या पत्रांत आक्षेप आला त्याच पत्रांत, एका भारतीय शिक्षकवर्गीय पंडिताच्या लेखणीनें, त्याचें खंडन यावें ही रीति स्तुत्य आहे. आपल्याकडे प्रतिपक्षाचा लेख छापण्याऐवजीं त्यावर संपादकीय टोमणा छापण्याची चाल अधिक, आणि तो टोमणा बहुधा मूळ लेख न वाचतां मारलेला असतो.

निर्णायक घाव मात्र तिसरीकडून आला. फ्रेंच पुरालेखज्ञ जॉर्ज सेदेस ह्यांनीं इ. स. १९३१ मध्यें दाखवून दिलें कीं पुरावा हिंदुस्थानच्या पत्र्यांवर अवलंबून ठेवण्याचें कारणच नाहीं. कंबोडियांतील सांबोर येथील शिलालेखांत शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३, हें वर्ष अंकांत कोरलेलें आहे, आणि मधल्या शून्याच्या जागीं ठळक बिंदु आहे. सुमात्रेजवळच्या बांका बेटावरील कोटा कपूरच्या शिळेवर शके ६०८ असेंच अंकांत आहे. ह्या शिळा आहेत, पत्रे नव्हेत. त्या जमिनीच्या तंट्यांपासून समुद्रापार आहेत. आणि वर्ष मोजलें आहे तें शककालानें. जो शक सह्याद्रीपासून निघून मेकाँगच्या तीरावर पोंचला, तो अंकांवांचून पोंचला असें मानण्यास फारच धाडस लागेल. सांबोरची शिळा कंबोडियांतील यादवीच्या काळांत नजरेआड झाली होती, ती इ. स. २०१३ मध्यें पुन्हा सांपडली.

बख्शाली पोथीच्या बाबतींतही के ह्यांचें अनुमान टिकलें नाहीं, पण तेथें विजयोत्सव करण्याआधीं थांबावें हें बरें. भूर्जपत्रांची ही गणिताची पोथी इ. स. १८८१ मध्यें पेशावरजवळ सांपडली. हर्नले ह्यांनीं तिचा ग्रंथ तिसऱ्या-चौथ्या शतकांतला मानला, के ह्यांनीं पोथी बाराव्या शतकांत ओढली. इ. स. २०१७ मध्यें ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयानें कार्बनपरीक्षेवरून तीन पत्रांचे तीन काल जाहीर केले: इ. स. २२४ ते ३८३, ६८० ते ७७९, आणि ८८५ ते ९९३. तिन्ही बाराव्या शतकाच्या अलीकडले नव्हेत, पलीकडले आहेत. लागलीच आमच्या वर्तमानपत्रांनीं तिसऱ्या शतकांतील शून्याचा डंका पिटला. परंतु प्लॉफ्कर, हायाशी प्रभृति पांच विद्वानांनीं त्याच वर्षीं आक्षेप घेतला कीं जी पोथी अक्षरावरून व मजकुराच्या सलगपणावरून एकच दिसते, तिचीं पानें एकमेकांपासून पांचशें वर्षें दूर कशीं असतील? हायाशी हे ह्या पोथीचे १९९५ चे संपादक. त्यांनीं तिचें प्रत्येक अक्षर लावलेलें. आमच्या मतें त्यांचा आक्षेप योग्य आहे, आणि तो आपल्या अभिमानास सोयीचा नाहीं म्हणून कमी योग्य ठरत नाहीं.

भाषा जाणणारा मनुष्य सोसायटीच्या पत्रांत लिहूं लागला म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण डेव्हिड पिंग्री. प्रॉव्हिडेन्स येथील ब्राउन विद्यापीठाचे हे अध्यापक इ. स. २००५ मध्यें वारले. 'आयसिस'च्या १९९२ च्या खंडांत त्यांचा ग्रीकप्रेमाच्या दोषावरचा लेख आहे. सर्व शास्त्रांचा उगम ग्रीसमध्यें मानणें व इतरांच्या शास्त्रांस ग्रीक मापानें मोजणें ही इतिहासकाराची व्याधि आहे, असें त्यांनीं आपल्याच सभासदांस स्पष्ट सुनावलें. त्यांत व्हिश ह्यांचा दाखला आहे. मलबारांतील हे कंपनीचे नोकर. माधवाच्या परंपरेंतील केरळीय गणितज्ञांनीं परिघासाठीं काढलेल्या अनंत श्रेढी त्यांनीं १८३० नंतरच्या दशकांतच लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथांत छापल्या. पुढें शंभर वर्षें त्यांकडे युरोपांतील गणितेतिहासकारांनीं जवळजवळ डोळेझांक केली.

पिंग्री ह्यांस आमच्याकडे मित्र म्हणून फार थोडे ओळखतात, कारण भारतीय ज्योतिषाचा पुष्कळसा भाग बाबिलोन व ग्रीस येथून आला असें त्यांचें मत होतें. ह्या मतावर रागावणें हें उत्तर नव्हे. वराहमिहिरानें पंचसिद्धांतिकेंत रोमक व पौलिश सिद्धांतांचा सार दिला आहे आणि बृहत्संहितेंत यवनांच्या ज्योतिर्ज्ञानाचा आदरानें उल्लेख केला आहे. त्याला जें मान्य करण्यांत कमीपणा वाटला नाहीं तें आम्हांस कां वाटावें? उत्तर द्यावयाचें तें एकेक ग्रंथ उलगडून. यवनजातकाचेंच पाहा. इ. स. १९७८ च्या आपल्या आवृत्तींत पिंग्री ह्यांनीं उपसंहारांतील शब्दांतून काल काढला, स्फुजिध्वजाचा ग्रंथ इ. स. २६९-७० चा ठरविला, आणि त्या एका खिळ्यास भारतीय ज्योतिषाच्या कालानुक्रमाचा मोठा भाग टांगला गेला. इ. स. २०१३ मध्यें बिल माक ह्यांनीं नेपाळांतील नव्यानें उपलब्ध झालेल्या पोथीच्या आधारें दाखविलें कीं ज्या पाठावर हें वाचन उभें होतें तो पाठच संपादकाच्या दुरुस्तीचा आहे, आणि वर्षसंख्या मानलेले शब्द वर्षसंख्या नाहींत. पस्तीस वर्षें जें प्रमाण म्हणून सर्वत्र उद्धृत होत होतें तें एका पोथीनें हललें. हें काम पुण्यांत, मिरजेंत किंवा नागपुरांत कोणी केलें असतें तर आम्हांस अधिक आनंद झाला असता.

आतां घरांतली गोष्ट. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ इ. स. १८९६ चा. दीक्षित शिक्षक होते. पगार बेताचा, आयुष्य चव्वेचाळीस वर्षांचें. वेदांगज्योतिषापासून आपल्या काळच्या पंचांगांपर्यंत प्रत्येक ग्रंथाचें मूळ पाहून, गणित स्वतः करून, त्यांनीं जें लिहिलें त्याची योग्यता आजही कमी झालेली नाहीं. हा ग्रंथ मराठींत होता, आणि मराठी न येणाऱ्यास तो बंद होता. त्याच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ मध्यें निघाला, दुसरा १९८१ मध्यें. म्हणजे सार्टन ह्यांच्या प्रस्तावनेचे सगळे खंड छापून होऊन त्यांचें निधन झाल्यावरही तेरा वर्षांनीं. सार्टन ह्यांनीं संस्कृत न शिकल्याचा दोष आम्हीं वर दाखविला. पण ह्या त्र्याहत्तर वर्षांत इंग्रजी उत्तम जाणणारे मराठी विद्वान कांहीं थोडे नव्हते, आणि त्यांच्यापैकीं कोणास हें काम आपलें वाटलें नाहीं, ह्याचा दोष बॉस्टनकडे पाठवितां येणार नाहीं.

उलट आम्हीं बाहेर पाठविलें काय? वैमानिकशास्त्र ह्या नांवाच्या संस्कृत पुस्तकाची चिकित्सा बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पांच संशोधकांनीं इ. स. १९७४ मध्यें केली, आणि तें पुस्तक १९०० ते १९२२ च्या दरम्यानचें असून त्यांतील यंत्रें उडण्यास असमर्थ आहेत असा निष्कर्ष काढला. एवढें होऊनही जानेवारी २०१५ मध्यें मुंबईस भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्यें प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि तोही संस्कृतांतील प्राचीन शास्त्रांच्या सत्रांत! ह्या एका निबंधानें गांगुली, दत्त, दीक्षित ह्यांच्या पिढ्यांचें काम किती मागें रेटलें असेल ह्याचा अंदाज करावा. परदेशांतील संपादकास संस्कृत येत नाहीं. त्याला माधवाची श्रेढी व विमानाचा पारा ह्यांत भेद करण्यास साधन नाहीं. तो दोन्हीं एकाच फडताळांत ठेवून देतो. के महाशयांनीं सगळे पत्रे बनावट म्हटले तेव्हां आम्हांस राग आला. स्वतः नवे पत्रे कोरून त्यांच्या हातीं देणें कितपत शहाणपणाचें?

सोसायटीच्या अलीकडच्या वळणाविषयीं थोडेंच लिहितों. गेल्या कांहीं दशकांत तिच्या विद्वानांचें लक्ष ग्रंथांकडून समाज, साम्राज्य, व्यापार, वस्तु ह्यांकडे गेलें आहे. त्यांत चांगलें पुष्कळ आहे, विशेषतः वसाहतींतील सर्वेक्षणें व वनस्पतिसंग्रह ह्यांवरचें. पण हिंदुस्थानचा इतिहास त्यामुळें कंपनी सरकारच्या आगमनापासून सुरू होऊं लागतो, कारण त्या काळचीं कागदपत्रें इंग्रजींत आहेत. सार्टन ह्यांस संस्कृत येत नव्हतें व त्याची त्यांस खंत असावी, असें त्यांच्या अरबीच्या अभ्यासावरून वाटतें. आजच्या तरुण अभ्यासकास त्याची गरजही भासत नाहीं, ही स्थिति आम्हांस अधिक चिंतेची वाटते.

चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं उजेडांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांच्या सिद्धांतशिरोमणि-प्रभृति ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्यास दान दिलें, असें त्यांत आहे. दानाचा तपशील तर मराठींतच आहे. विद्येच्या एका शाखेच्या ग्रंथांचें वाचन चालू राहावें म्हणून केलेली ही नेमणूक बॉस्टनच्या सभेहून सातशें वर्षांनीं जुनी. त्या मठाचें आज कांहीं उरलें नाहीं, आणि संस्कृत व गणित दोन्ही जाणणारीं मुलें आमच्या शाळांतून दरवर्षीं कमीच बाहेर पडतात.

पिंग्री ह्यांनीं संस्कृतांतील गणित-ज्योतिषाच्या ग्रंथकारांची व त्यांच्या पोथ्यांची जी सूचि इ. स. १९७० पासून फिलाडेल्फियाहून प्रसिद्ध केली, तिचा पांचवा खंड १९९४ मध्यें निघाला व तेथें ती 'व' ह्या अक्षरावर राहिली. वराहमिहिर तींत आला. 'श'पासून पुढचे ग्रंथकार बाहेर राहिले. त्यांत श्रीधर आहे, आणि श्रीपति आहे. ह्या श्रीपतीच्या ज्योतिषरत्नमालेवरची जुनी टीका मराठी गद्याच्या आरंभींच्या ग्रंथांत गणली जाते, आणि रत्नमालेच्या पोथ्या महाराष्ट्रांतल्या संग्रहांत आहेत. तेवढ्या एका नांवाची नोंद तरी येथें पुरी करतां येईल.